माझ्या पोटाचं रबरी बूच

मित्रांनो, गाडीचं चाक पंक्चर झालं की तुमचे बाबा डिकीतून एक जड, बुटकी, तेलकट वस्तू काढतात आणि कपाळाला आठ्या घालतात. तोच मी. मी एक जुना जॅक आहे. मला शोधायला कोणी प्रेमाने येत नाही, काम अडलं की येतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. अडल्यावेळी उपयोगी पडायचं, हाच आमचा धर्म.

पण आज मी तुम्हाला माझ्या पराक्रमाच्या गोष्टी सांगणार नाही. माझ्या पोटाला एका बाजूला एक भोक आहे, तुमच्या बेंबीसारखं. त्यातून माझ्या अंगात तेल भरतात आणि वरून एक रबरी बूच दाबून बसवतात. बोटाच्या पेराएवढंच असतं ते. एवढ्याशा त्या बुचाची हयगय झाली आणि एका भल्या माणसाच्या जिवावर बेतलं. ते सगळं माझ्या पोटात घडत होतं, मला कळत होतं, आणि मला तोंड नव्हतं. ती गोष्ट ऐका.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. मला ओतलं, घासलं, निळा रंग दिला. माझ्या आत एक दट्ट्या बसवला. दांडा खालीवर केला की तेल दट्ट्याच्या बुडाशी जातं आणि त्याला वर ढकलतं. तेल उलटं येऊ नये म्हणून वाटेत एक बारीक पोलादी गोळी असते. ती आपल्या जागी घट्ट बसली की मी पाच टनांचं ओझं डोक्यावर घेऊन तासन् तास उभा राहू शकतो. सगळ्यात शेवटी एका बाईने अंगठ्याने दाबून रबरी बूच बसवलं. तेव्हा ते मऊ होतं, नवं होतं. मला वाटलं, हे जन्मभर असंच राहणार. आम्ही लोखंडाची माणसं, आम्हाला वाटतं सगळं जग लोखंडाचंच आहे.

नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराला मी वालीवला आलो. तिथे छोट्या छोट्या कारखान्यांच्या रांगेत विलास आणि फर्डिनंड यांचा गॅरेजचा गाळा होता. विलास मूळचा राजापूरकडचा, राहायला आचोळ्याला. बडबड्या, चहाबाज, देवाच्या फोटोला उदबत्ती ओवाळताना सुद्धा गिऱ्हाइकाशी बोलणारा. फर्डिनंड वसईच्या पश्चिमेकडच्या एका वाडीतला. उंच, शांत, हातात कमालीची कला. गाडीच्या पोटाखाली शिरला की आवाजावरून दुखणं ओळखायचा. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे.

फर्डिनंडची एक रीत होती. त्याच्या वाडीतलं चिंचेचं झाड वादळात पडलं, तेव्हा त्याने त्याच्या बुंध्याचे चार ठोकळे कापून घेतले होते. मी गाडी उचलली की तो आधी ठोकळा गाडीखाली सरकवायचा, त्यावर थाप मारायचा आणि म्हणायचा, "तू पयला, मी मागून." मगच स्वतः खाली जायचा. विलास त्याची चेष्टा करायचा, "लग्न लाव त्याच्याशी!" फर्डिनंड हसायचा, पण थाप मारल्याशिवाय खाली जायचा नाही.

मला त्या ठोकळ्यांचा थोडा राग यायचा, खरं सांगतो. अरे, मी उभा आहे ना! माझ्यावर विश्वास नाही का? आज वाटतं, तो माणूस शहाणा होता. तो शेवटपर्यंत तेवढाच शहाणा राहिला असता तर!

पाच-सहा वर्षं सुखाची गेली. मग माझं बूच कडक व्हायला लागलं. वालीवचा उन्हाळा म्हणजे वर पत्रा, बाजूला पत्रा, आणि मध्ये आपण. त्यात रात्रंदिवस तेलाशी संगत. रबर सुकलं, त्याला भेगा पडल्या. रोज सकाळी माझ्याखाली तेलाचा एक गोल डाग दिसू लागला.

"फर्डी, हा मुततोय रे," विलास म्हणाला. "बूच गेलंय त्याचं. नवीन आण."

"नाक्यावर गेलो होतो. नुसता बूच देत नाय दुकानवाला. सगळ्या रबरांचा आख्खा किट घे बोलतो."

"मग घे की किट."

"एवढ्याशा रबरासाठी आख्खा किट? बघू उद्या."

हा 'उद्या' फार गोड शब्द आहे, मित्रांनो. तो बोलायला काही लागत नाही. गॅरेजमध्ये कामाची रांग असायची आणि मी तर उचलत होतोच. डागाकडे दोघांनीही कानाडोळा केला. विलासने भोकात चिंधी कोंबली. चिंधी तेल पिऊन फुगली आणि गळून पडली.

मग एका सोमवारी फर्डिनंड खुशीत आला. त्याने खिशातून एक बाटलीचं बूच काढलं. लाकडासारखं दिसणारं, हलकं, वाइनच्या बाटलीला असतं ना, तसलं.

"हे कुठून पैदा केलंस?" विलासने विचारलं.

"कॅथरिनने दिला." कॅथरिन म्हणजे त्याची बायको. "रोवेनाच्या बाप्तिस्म्याला तिने घरी जांभळाची वाइन केली होती, त्या बाटलीचा. जपून ठेवला होता कपाटात. मी काल सहज बोललो, जॅकला बूच मिळत नाय, तर उठली आणि हाच काढून दिला. बोलली, तुझ्या कामाला येतो तर घे, कपाटात ठेवून काय करू?"

त्या बुचाच्या डोक्यावर तापलेल्या सुईने एक बारीकसा क्रूस काढलेला होता. कॅथरिननेच काढला होता, लेकीच्या नावाने. फर्डिनंडने चाकूने बूच तासलं, पण तो क्रूस तेवढा राखला आणि बूच माझ्या पोटात दाबून बसवलं. काय फक्कड बसलं! गळती थांबली. विलास म्हणाला, "वा! आता हा जॅक ख्रिस्ती झाला." दोघं खो खो हसले.

हसलो नाही तो मी एकटा. कारण ते बूच कोरडं होतं, जुनं होतं. तेल घालायला काढलं, पुन्हा दाबलं, की भोकाच्या काठाला घासून त्याचा भुगा आत पडायचा. मोहरीच्या दाण्याएवढे कण. ते माझ्या तेलात तरंगायचे, बुडायचे, दांड्याच्या प्रत्येक हिसक्याबरोबर आत आत ओढले जायचे. मला कळत होतं ते कुठे चालले आहेत. त्या गोळीकडे.

एप्रिलमध्ये पहिल्यांदा तसं झालं. एक कण गोळीखाली गेला. गोळी पुरती बसली नाही, तेल मागे झिरपलं आणि एक फियाट माझ्या डोक्यावरून बोटभर खाली आली. ठोकळ्याने ती झेलली.

"फर्डी, हा बसला रे आज!" विलास ओरडला.

फर्डिनंड खालूनच म्हणाला, "ठोकळा हाय ना. काळजी कशाला?"

मग त्याने दोनदा दांडा मारला, कण सरकला, मी पुन्हा ताठ उभा राहिलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच. पुन्हा ठोकळ्याने झेललं. कोणी मला उघडलं नाही. उघडायची गरजच कोणाला वाटली नाही, कारण दर वेळी ठोकळा होता. मला ओरडून सांगावंसं वाटे, अरे बाबांनो, माझ्या पोटात काय गेलंय ते बघा! पण जॅकला कुठला आवाज? फार तर एक कुरकुर. ती त्यांनी ऐकली आणि गंज समजून वर तेलाचा थेंब सोडला.

सत्त्याण्णवचा मे उजाडला. वसईच्या वाड्यांमधून मे महिन्यात गावक्रुसाजवळ संध्याकाळची प्रार्थना होते. क्रुसाला फुलांनी सजवतात, आळीतली माणसं जमतात, चणे वाटतात. त्या वर्षी तो मान फर्डिनंडच्या घराकडे होता. म्हाताऱ्या बायकांना खाली बसवत नाही, म्हणून त्याने फळ्या मांडून बाकं करायचं ठरवलं. फळ्यांखाली ठेवायला काय? त्याने चारही चिंचेचे ठोकळे स्कूटरवर बांधले.

"अरे, एखादा तरी ठेव," विलास म्हणाला.

"परवा सगळे आणतो रे. दोन दिवस जड गाडी घेऊ नको."

ठोकळे गेले. कोपऱ्यात जिथे ते असायचे तिथे धुळीत चार चौकोन उरले. 

दुसऱ्याच दिवशी दुपारी प्लासिडचा टेम्पो दारात येऊन थांबला. प्लासिड म्हणजे फर्डिनंडच्या शेजारच्या वाडीतला बागायतदार. टेम्पोत मोगऱ्याच्या आणि लिलीच्या पाट्या काठोकाठ भरलेल्या. खालून खडखड आवाज येत होता.

"फर्डी, कायतरी कर बाबा," प्लासिड म्हणाला. "संध्याकाळच्या बाजाराला दादरला पोचला नाय तर सगळा माल कोमेजेल. उकाडा बघतोस ना."

फर्डिनंडने वाकून पाहिलं. "चाकं फिरवतो त्या मधल्या दांड्याचे बोल्ट सुटलेत. जास्त नाय, घट्ट केले की झाला." त्यालाही घाई होती. सहाच्या आत घरी जाऊन क्रुसाजवळ मेणबत्त्या लावायच्या होत्या.

मला टेम्पोखाली ठेवलं. दांडा वर-खाली झाला. टेम्पो उचलला, फुलांसकट. मोगऱ्याचा वास एवढा दाट होता की तेलाचा वास त्यात बुडून गेला. आणि मला कळलं. एक नाही, दोन कण. गोळीच्या अगदी तोंडाशी.

"ठोकळे?" विलासने विचारलं.

"क्रुसाजवळ हायेत."

"प्लासिड, तुझी स्टेपनी दे, ती खाली टाकू."

"स्टेपनी पंक्चरवाल्याकडे पडलीय," प्लासिड म्हणाला.

"मग थांब, फर्डी. समोर बांधकाम चालू आहे, तिथून दगड आणतो. मी येईपर्यंत खाली जाऊ नकोस. ऐकतोयस ना?"

"हां हां. जा तू."

विलास गेला. फर्डिनंड क्षणभर उभा राहिला. त्याने घड्याळ पाहिलं. प्लासिडच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पाट्यांवरच्या ओल्या फडक्यांमधून पाणी ठिबकत होतं. मग त्याचा हात सवयीने खाली गेला, जिथे ठोकळा असायचा तिथे. तिथे काही नव्हतं. त्याने तिथल्या जमिनीवरच थाप मारली, स्वतःशीच हसला आणि आडवा होऊन आत सरकला.

जाऊ नकोस रे! मित्रांनो, मी किती ओरडलो असेन! लोखंडाचं काळीज फाटत नाही म्हणतात. माझं त्या दिवशी फाटलं.

त्याने पहिला बोल्ट घट्ट केला. मी उभा होतो. दुसरा केला. मी उभा होतो. तिसरा जाम होता. त्याने पाना जोर लावून ओढला, टेम्पो जरासा हलला, आणि त्या हिसक्यासरशी ते दोन्ही कण गोळीखाली शिरले. तेल सुटलं. आधी केसभर. मग दोरीभर. मी सगळी ताकद लावली, पण माझी ताकद म्हणजे तेल, आणि तेलच मला सोडून चाललं होतं.

प्लासिड टेम्पोला टेकून उभा होता. त्याला वाटलं आपणच घसरतोय. तेवढ्यात विलास खांद्यावर दगड घेऊन दारात आला. त्याने टेम्पोकडे पाहिलं आणि दगड टाकून धावला.

"फर्डी, बाहेर! बाहेर ये!"

त्याने आणि प्लासिडने फर्डिनंडचा एकेक पाय धरला आणि खेचला. डोकं आलं. छाती आली. उजवा हात वर होता, पान्यावर. तो आला नाही.

पुढचं मी सांगत नाही. तुम्ही लहान आहात आणि मलाही सांगवत नाही. फुलांच्या पाट्या रस्त्यावर उतरवून त्याच टेम्पोतून त्याला नेलं, कारण चाकं तर धड होती. पाट्या रात्रभर दारात पडून होत्या. विलास नंतर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, मी भंगाराच्या ढिगातून ऐकायचो. त्या संध्याकाळी क्रुसाजवळ म्हाताऱ्या बायका बाकांवर बसून फर्डिनंडची वाट पाहत होत्या म्हणे. त्यांच्या खाली चार ठोकळे होते.

फर्डिनंडचा जीव वाचला. उजवा हात कोपरापासून गेला.

सगळे एकच बोलले, "जॅकने दगा दिला." विलासने मला लाथ मारून ढिगात फेकलं. लागलं मला. पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी काही मनावर घेतलं नाही. फक्त एकच वाटत राहिलं, निदान उघडून तरी बघा. बुचाकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. ते क्रुसाचं बूच माझ्या पोटात तसंच राहिलं.

पुढे शत्रुघ्न भंगारवाल्याने मला उचललं. त्याने मला वरवर पुसलं आणि लाल रंग फासला, बुचासकट. आतून तोच रोगी, वरून नवरदेव! नायगावच्या नव्या इमारतीत राहायला आलेल्या सुमेध नावाच्या तरुणाने सेकंड हँड व्हॅन घेतली होती. त्याने मला विकत घेऊन तिच्या डिकीत टाकलं. तिथे मी काही वर्षं अंधारात पडून होतो. व्हॅन पंक्चर झाली तरच बाहेर निघायचो. सुमेध चाक बदलताना खाली पडलेला नट शोधायला हात घालायचा आणि मी मनात म्हणायचो, काढ रे तो हात, काढ लवकर. नशीब त्याचं, आणि माझंही.

शेवटी डिकीत तेल सांडलं, गालिचा खराब झाला, आणि सुमेध मला घेऊन वालीवला एका दुकानात आला. विलासच्या गॅरेजच्याच पुढच्या भागात ते दुकान होतं. काउंटरवर काचेच्या बरण्या, आणि बरण्यांत तऱ्हेतऱ्हेची रबरी बुचं. नुसती. सुटी. किट घ्यायची सक्ती नाही. काउंटरमागे फर्डिनंड होता. केस पांढरे, उजवी बाही दुमडून पिनेने टोचलेली. शेजारी कॅथरिन. तो एका हाताने काम करायचा आणि जिथे दोन लागतील तिथे ती धरायची.

"काका, नुसतं बूच लावून द्या," सुमेध म्हणाला. "घाईत आहे जरा."

फर्डिनंडने दुमडलेल्या बाहीकडे पाहिलं. "घाईतच गेला हा माझा. बस दहा मिनिटं. पोट उघडून बघितल्याशिवाय मी जॅक परत देत नाय." सुमेध स्टुलावर बसला.

कॅथरिनने मला दोन्ही हातांनी धरलं, पण मान वळवून. "जॅक दिसला की अजून अंगावर काटा येतो माझ्या," ती म्हणाली. त्यांची घरची बोली वेगळीच आहे, मी ती तुमच्या भाषेत सांगतोय. "तो मेला जॅक मला सापडला असता, तर समुद्रात नेऊन बुडवला असता."

 फर्डिनंडने अंगठ्याच्या नखाने माझ्या पोटावरचा लाल रंग खरवडला. रंगाखालून बूच दिसलं. त्याचा अंगठा थांबला. मग अगदी हळू, एखाद्या झोपलेल्या माणसाला जागं करावं तसा, त्याने उरलेला रंग काढला. बारीकसा क्रूस होता तिथे.

त्याने मला ओळखलं. मीही त्याला.

त्याने बूच उपटलं आणि चटकन खिशात टाकलं. तेल काढलं आणि धुवायला भांड्यात रॉकेल ओतून ठेवलं. पान्याने आतली झाकणी सोडवली. कॅथरिन मला धरूनच होती. गोळी निघाली आणि तिच्याखालून दोन काळे, तेलाने भिजलेले कण त्याच्या तळहातावर पडले. तो त्यांच्याकडे बघत राहिला. एवढी वर्षं तो मला शिव्या देत आला होता. आता सगळं त्याच्या तळहातावर होतं. बूच कोणी लावलं ते, आणि बूच कोणी दिलं तेही. कपाटातून, जपून ठेवलेलं, प्रेमाने.

"काय निघालं?" कॅथरिनने विचारलं. ती आता वळून बघत होती.

फर्डिनंडने मूठ मिटली.

"काय नाय गं," तो म्हणाला. "कचरा."

मग दाराशी जाऊन त्याने मूठ उघडली आणि फुंकर मारली. परत आला तेव्हा डोळे पुसत होता. कॅथरिन म्हणाली, "रॉकेलचा वास लागला वाटतं." तो हो म्हणाला.

त्याने मला रॉकेलने धुतलं, नवं तेल भरलं आणि बरणीतलं एक मऊ, काळं रबरी बूच कॅथरिनच्या अंगठ्याने दाबून बसवून घेतलं. जाताना सुमेधला म्हणाला, "दर वर्षी बदलून घे. आणि ठोकळा ठेव गाडीत. हा कितीपण चांगला असला तरी ठोकळा ठेव."

सुमेधने मान हलवली. पण तो पुन्हा गेलेला नाही. मी आजही त्याच्या डिकीत आहे, ठोकळा डिकीत नाही, आणि वर दर उन्हाळ्यात पत्रा तापतो. मित्रांनो, नवं बूच सुद्धा रबराचंच आहे. परवापासून त्याला एक बारीक भेग जाणवते आहे मला.

म्हणून हात जोडून सांगतो, जोडायला हात नसले तरी. आज घरी गेलात की बाबांना म्हणा, जॅक बाहेर काढा. त्याचं बूच बोटाने दाबून बघा. मऊ आहे का? चिरलंय का? त्याखाली डाग आहे का? असेल तर 'उद्या' म्हणू देऊ नका. गाडीखाली दुसरा आधार दिल्याशिवाय त्यांना आत हात सुद्धा घालू देऊ नका. रुसा, रडा, पाय धरून ओढा, पण देऊ नका. तुम्हाला तोंड आहे. मला नव्हतं.

आणि कधी वालीवला त्या दुकानात गेलात, तर बूच हवं तेवढं मागून घ्या. म्हाताऱ्या फर्डिनंडला माझा नमस्कार सांगा. फक्त कॅथरिनला यातलं काही सांगू नका.